आधी लेटर, मग राजीनामा

नगरच्या माणसाने नोकरी सोडायचं ठरवलं की ही बातमी त्याच्या साहेबाला सगळ्यांत शेवटी कळते. आधी बायकोला, मग मेहुण्याला, मग केडगावच्या मावशीला आणि मग कटिंगच्या दुकानात नंबर लावून बसलेल्या चौघांना. जो तो एकच विचारतो, "दुसरीकडं लागलं का?" लागलं नसेल तर पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. "मग गपगुमान कामावर जा," असा निकाल लागतो आणि गाडी कांद्याच्या भावावर येते.

नागापूरच्या एमआयडीसीतला पस्तिशीचा सुपरवायझर घ्या. पगार वाढत नाही, साहेब सुट्टी देत नाही, आणि दहावीला बरोबर असलेला, गणितात सदा नापास होणारा मित्र चाकणला जाऊन चारचाकी घेऊन आलाय. या तीन कारणांतलं खरं कारण तिसरंच असतं, पण सांगताना पहिली दोन सांगायची पद्धत आहे. एका रात्री तो मोबाइलवरच्या अ‍ॅपवर बायोडाटा टाकतो. सध्याच्या कंपनीला तो दिसू नये म्हणून खास बटणही दाबतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनवरचा गडी हळूच विचारतो, "काय रं, बायोडाटा टाकला म्हणं?" टाकलेला त्यानेही असतो. दोघांना एकाच कन्सल्टन्सीतल्या एकाच मॅडमचा फोन येऊन गेलेला असतो.

हा फोन नेहमी भर शिफ्टमध्ये येतो. मग स्क्रॅपच्या ढिगामागे जायचं, तोंडावर हात धरायचा आणि वार्षिक पॅकेज सांगायचं. मोठ्याने बोलावं तर चार माणसं ऐकतात, हळू बोलावं तर कॉम्प्रेसरच्या घरघरीत चार लाखांचे चाळीस होतात. पलीकडच्या मॅडम क्षणभर आदराने गप्प होतात.

मुलाखत रांजणगावला असेल तर मात्र नशीब उघडलं म्हणायचं. तिथे एमआयडीसी आहे आणि अष्टविनायकातला महागणपतीही आहे, त्यामुळे सुट्टीच्या अर्जात खोटं काही लिहावं लागत नाही. माणूस पहाटे इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून पुणे रस्त्याला लागतो, सुपे, शिरूर मागे टाकतो, मुलाखत देतो, दर्शन घेतो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर पेढे ठेवतो. साहेब पेढा खात विचारतात, "गर्दी होती का?" तो म्हणतो, "होती ना. पन्नासेक जण होते, जागा दोन."

खरं तर नोकरी बदलण्याचं नगरकरांना एवढं वावडं असायचं कारण नाही. या मातीतलं सगळ्यांत मोठं उदाहरण चारशे वर्षांपूर्वीचं आहे. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मोगल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. त्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढताना शहाजीराजांनी नाव काढलं. त्यांचे सख्खे बंधू शरीफजी तिथेच पडले. एवढं करूनही मलिक अंबरशी बिनसलं, तेव्हा राजे आदिलशाहीत गेले. तिथून परत निजामशाहीत आले. मग १६२९ मध्ये निजामाने दौलताबादच्या दरबारात त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांना दगाफटक्याने मारवलं, तेव्हा राजांनी मोगलांची चाकरी धरली. मोगलांनी त्यांना दिलेल्या जहागिरीतला मुलूख मलिक अंबरच्या मुलाला देऊन टाकला, तेव्हा तीही सोडली. पुढे दौलताबादच पडलं आणि निजाम कैद झाला. मग राजांनी निजामाच्या घराण्यातला एक लहान मुलगा शोधून संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवला आणि त्याच्या नावाने राज्य चालवलं. कंपनी बुडाली म्हणून स्वतःच नवा मालक नेमल्याचं उदाहरण सहसा सापडायचं नाही. अखेर १६३६ मध्ये माहुलीला तह झाला आणि राजे पुन्हा आदिलशाहीत, थेट कर्नाटकात.

आजच्या एचआरपुढे असा बायोडाटा आला असता तर दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलणारा म्हणून बाजूला पडला असता. पण एक फरक विसरून चालणार नाही. शहाजीराजे निघाले की त्यांच्यामागे त्यांचे घोडेस्वारही निघत, म्हणून प्रत्येक दरबारात पायघड्या. आमचा सुपरवायझर निघतो तेव्हा त्याच्यामागे फक्त जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली निघते.

जुन्या पेन्शनवाल्या सरकारी नोकराचं गणित तर आणखी निराळं. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ चे आहेत, आणि त्यातला ४६ वा नियम ज्याला पाठ नाही असा कारकून शोधावा लागेल. राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा गेली! त्यापेक्षा वीस वर्षं भरू द्यावीत, तीन महिन्यांची नोटीस द्यावी आणि स्वेच्छानिवृत्ती घ्यावी; काम तेवढंच सुटतं आणि पेन्शन चालू राहतं. साहेबांनी सतराव्या वर्षी अपमान केला तरी त्याचा राग विसाव्या वर्षापर्यंत जपून ठेवावा लागतो. खासगीत ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांची अट घातली, म्हणून तिथे रागाची मुदत जरा कमी.

यात हसण्यासारखं काही नाही. थोरांनीही हा हिशेब केला आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे लष्करात ट्रक चालवत होते. १९६५ च्या युद्धात खेमकरणला त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, सोबतचे जवान गेले, हे वाचले. उरलेलं आयुष्य समाजासाठी द्यायचं हे तेव्हाच मनाशी पक्कं झालं. पण पंधरा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नाही, आणि पेन्शन नसलं तर पोटासाठी कुणापुढे तरी हात पसरावा लागणार. म्हणून थांबले, आणि १९७५ मध्ये गावी आले. जन्मभर उपोषणं करायची असली तरी मधल्या दिवसांच्या भाकरीची सोय आधी लावावी, हे पारनेर तालुक्याला कळतं.

हिशेब न करता नोकरी सोडणारे नगरात झालेच नाहीत असंही नाही. अच्युतराव पटवर्धन नगरचे. बनारसला अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३२ मध्ये ती नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने असा व्यवहार करावा याचं मावशीला आजही नवल वाटेल.

पण या प्रांतातले खरे अनभिषिक्त राजे म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नगर आणि राहुरीत त्यांची बरीच वर्षं गेली, मात्र नोकऱ्या सोडण्याचा सराव त्याआधीपासूनचा. आज या गावात मास्तर, उद्या त्या गावात आणखी काही; बिऱ्हाड लागतंय न लागतंय तोवर स्वारी पुढच्या गावाला. १८९३ साली नोकरीच्या आशेने ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. आगगाडीच्या डब्यात एका साहेबाशी धर्मावर बोलणं झालं, त्याने बायबल दिलं, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नोकरी पाहायला म्हणून निघालेला माणूस धर्म बदलूनच थांबला. मुलाखतीला जाताना गाडीत कुणाशी फार बोलू नये असं घरची माणसं सांगतात, ते काही उगाच नाही.

पुढे अमेरिकन मराठी मिशनचं काम मिळालं, संसाराला जरा बूड आलं. तेही १९१७ मध्ये सोडलं! मिशनचं वेतन नको, आता 'देवाचा दरबार' भरवायचा. देवाच्या दरबारात पगारपत्रक नसतं, पण घरातल्या डब्यांना ते कोण सांगणार? ते काम पत्नी लक्ष्मीबाईंकडे. त्यांच्या आठवणींचं 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसून हसून लोळतो, कारण बाईंनी सगळं हसत सांगितलंय. पण पानं उलटताना एक गोष्ट ध्यानात येते. राजीनामा टिळक देतात आणि नोटीस पिरियड लक्ष्मीबाई भरतात. नगरातल्या बायका "आधी लेटर हातात घ्या" म्हणतात त्याला व्यवहारीपणा म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी ते पुस्तक पुन्हा एकदा उघडावं.

ज्यांना राजीनामा हा प्रकारच माहीत नाही अशीही माणसं याच जिल्ह्यात आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची जोडपी हंगामाला ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती बहुतेक वेळा लग्नात किंवा दवाखान्यात आधीच संपलेली असते. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा लागतो, त्याचे पैसे कापले जातात. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. तिथे "दुसरीकडं लागलं का?" हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सुपरवायझरला मात्र लेटर आलं. पीडीएफ आधी बायकोने वाचली, मग मेहुण्याने. "हातात किती येतात?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर निघाल्यावरच राजीनामा टाइप झाला. साहेबांना अचानक त्याची किंमत कळली आणि तीन वर्षं अडकलेली पगारवाढ अर्ध्या तासात मंजूर झाली. घरी यावर रात्रभर खल झाला. अखेर मावशीने फोनवर विचारलं, "एवढे दिवस का नव्हती दिली मग?" आणि प्रश्न मिटला.

नोटीस पिरियडच्या पहिल्या महिन्यात त्याला तिघांची कामं दिली, दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडचं सगळं काढून घेतलं, तिसऱ्या महिन्यात कॅन्टीनवाल्याने उधारी बंद केली. शेवटच्या दिवशी हेल्मेट, बूट, ओळखपत्र जमा करून तो एचआरच्या खोलीत बसला. पुढ्यात फॉर्म: कंपनी सोडण्याचं कारण. त्याने तीन वर्षांत मनाशी घोळवलेली कारणं क्रमाने आठवली आणि पेनाचं टोपण काढलं.

"सर, 'वैयक्तिक' लिहा," मॅडम म्हणाल्या. "दुसरं काही लिहिलं तर मला मीटिंग लावावी लागते."

त्याने 'वैयक्तिक' लिहिलं, सही केली, कागद पुढे सरकवला. मॅडमनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर, तिकडं एचआरला जागा आहे का हो?"