चावडीचा इतिहास, पाणवठ्याच्या चुगल्या

चंद्रपूरच्या गोंड राजघराण्याचा बराचसा इतिहास ऐकीव गोष्टींवर उभा आहे. मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९ च्या चांदा जमाबंदी अहवालात यातल्या काही शिरल्या आणि सरकारी शाई लागताच त्यांना परंपरेचा मान मिळाला. अठराव्या शतकाच्या आरंभी राजा बिरशहाचा खून झाला; कोणत्या वरातीत, कोणाच्या हातून, हे चवीने सांगितले जाते. पुढे दत्तक रामशहा लहान असताना राणी हिराईने राज्य सांभाळले, पतीची भव्य समाधी बांधली; महाकाली मंदिराचे श्रेयही तिलाच देतात. पण तिच्या कारभारात वरात नाही, खून नाही. त्यामुळे तो दोन-चार ओळींत आटोपतो.

हेच किस्से पाणवठ्यावर बायका बोलल्या असत्या तर त्या चुगल्या ठरल्या असत्या. (चावडीवर बोलले की ती मौखिक साधने.)

कुजबुज बाईवर उलटली की मात्र तिला वजन येते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना चौकात बांधून मारहाण झाली. त्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज पडली नाही. पोलिसांचा कागद मागाहून आला.