मॅक्रोत कंस टाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

शिरोली एमआयडीसीतल्या मशीनशॉपमध्ये सीएनसीचा मॅक्रो लिहू पाहणाऱ्या नवशिक्याने आधी एखाद्या सेटरमामांचे शिष्यत्व पत्करावे. मामा ही तिथली जमात आहे आणि तिचा सिद्धांत एकच: "कंस कशाला घालतोस लेका, मशीनला कळतंय की!"

नियम 1. दोन मापांचा मध्य काढताना #1+#2/2 असे बिनधास्त लिहावे. मापे 50 आणि 60 असतील तर मध्य 55. कंट्रोल 80 काढतो. फॅनुकच्या मॅक्रोत आधी फंक्शन, मग गुणाकार-भागाकार आणि शेवटी बेरीज-वजाबाकी होते. त्यामुळे 60 निम्मे होतात, 50 अख्खे राहतात आणि जॉब स्क्रॅपमध्ये जातो. मामा शिव्या घालतात त्या मात्र ऑफसेटला.

नियम 2. कंस घालायचाच तर शाळेतला गोल घालावा. या कंट्रोलवर गोल कंसातला मजकूर म्हणजे नुसता शेरा. "माप नीट बघ" काय आणि #1+#2 काय, दोन्ही तो हिशेबात धरत नाही. हिशेबाला चौकोनी कंस लागतो: [#1+#2]/2.

नियम 3. चौकोनी कंस एकात एक पाचच घालावेत. सहाव्याला अलार्म 118.

नियम 4. स्पिंडलचे आरपीएम काढताना कंसाला अजिबात थारा देऊ नये. कटिंग स्पीड मिनिटाला 120 मीटर, व्यास 50 मिलिमीटर. 1000*120/[3.1416*50] लिहिले तर 764 येतात. कंस काढला की भागाकारानंतर 50 ने गुणाकार होतो, कारण या दोघांचा दर्जा सारखाच आणि हिशेब डावीकडून चालतो. उत्तर एकोणीस लाखांवर! एवढ्या वेगाने फिरणारा चक अजून कुणी बनवलेला नाही, हे शिरोलीचे नशीब.

नियम 5. मामांना हाच हिशेब तोंडी विचारू नये. ते टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर 120 गुणिले 318 भागिले 50 दाबतात आणि 763 सांगून मोकळे होतात. हजार भागिले पाय म्हणजे 318, हे त्यांनी कधीचेच पाठ करून ठेवले आहे. या कॅल्क्युलेटरला कंसाचे बटणच नाही. बटणे दाबावीत त्या क्रमाने तो चालतो, 2+3×4 ला सरळ 20 म्हणतो. म्हणून मामा आकडेच असे मांडतात, की कंसाची गरज पडू नये. हे त्यांनी पोरांना एकदा नीट समजावून सांगितले असते, तर पहिल्या चार नियमांचा कागद वाचला असता.