हेर काका

जर्मनच्या प्रत्येक बॅचमध्ये एक हेर काका असतात. पुण्यात तर असतातच. बोट क्लब रोडवरच्या मॅक्समुल्लर भवनात शनिवार-रविवारची बॅच सुरू झाली, की पहिल्या दिवशी वर्गावर नुसती नजर टाकावी. विशी-बाविशीची पोरंपोरी मागच्या रांगेपासून जागा धरत येतात. कानातली बोंडं अजून निघालेली नसतात, निम्म्यांचा चहा व्हायचा असतो. आणि अगदी पुढे, फळ्यासमोर, कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ. पुस्तकाला खाकी कव्हर. त्यावर नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि रक्तगट. वर्ग नऊचा असेल तर हे पावणेनऊला हजर. शिक्षिका नऊला एक मिनिट कमी असताना आत आल्या, की हे घड्याळ पाहतात आणि मनातल्या मनात त्यांना पास करतात.

नाव तडजोडीतून पडलं. पोरं सवयीने 'काका' म्हणायला लागली, तर हे म्हणाले, "इथे काका-मामा नाही. हेर म्हणा." हेर म्हणजे श्रीयुत. पोरांनी दोन्ही ठेवलं.

मग प्रश्न आला 'डू'चा. जर्मनमध्येही आपल्यासारखंच तू वेगळं आणि तुम्ही वेगळं, 'डू' आणि 'झी'. वर्गात मात्र सगळे एकमेकांना डू. शिक्षिका अठ्ठाविशीची, ती म्हणाली मलाही डूच म्हणा. काकांनी हात वर केला. "फ्राउ लेहरेरिन, डू हे वडीलधाऱ्याने धाकट्याला देऊ करायचं असतं, अशी रीत आहे." रीत खरंच तशी आहे. तेव्हा वर्गातले सर्वांत वडील या नात्याने त्यांनी ते काम रीतसर हाती घेतलं. मधल्या सुट्टीत एकेकाला कॉफीच्या टेबलाशी बोलवायचं, हस्तांदोलन करायचं, स्वतःचं पहिलं नाव सांगायचं आणि डू बहाल करायचं. सांगलीच्या एका पोराला एवढा मान झेपला नाही. गडबडीने खुर्ची पुढे सरकवत तो म्हणाला, "काका, तू बसा ना." त्या दिवसापासून आमच्या बॅचमध्ये त्यांच्यासाठी हेच व्याकरण रूढ झालं. काका, तू जेवलात का? काका, तुझी वही द्याल का?

बाकी वर्ग इथे का आलेला असतो, ते उघड आहे. कुणाला तिकडे एमएस करायचं असतं आणि डोक्यात एकच आकडा घोळत असतो: वर्षाचे ११,९०४ युरो, जे व्हिसाआधी बंद खात्यात दाखवावे लागतात. कुणाचं लग्न म्युनिकच्या मुलाशी ठरलेलं असतं आणि तिकडे राहायला जायचं तर आधी 'ए१'चं, म्हणजे भाषेच्या पहिल्या पायरीचं, प्रमाणपत्र लागतं. एखादी नर्स असते, तिला 'बी२'पर्यंत मजल मारायची असते. चाकणच्या कंपन्यांतले दोघे-तिघे असतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून चौकशीला येणाऱ्यांत इलेक्ट्रिशियन आणि ड्रायव्हरही दिसतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाने 'मी जर्मन का शिकतो' ते सांगायचं असतं. सगळे व्हिसा, नोकरी, नवरा या क्रमाने सांगतात. हेर काका उभे राहतात आणि म्हणतात, "राहिलं होतं."

राहिलं होतं म्हणजे असं. काका पिंपरीच्या कारखान्यात होते. ऐंशीच्या दशकात कंपनीने नवीन मशीन घेतलं आणि ते शिकून यायला यांना सहा आठवडे स्टुटगार्टला धाडलं. जाण्याआधी त्यांनी इथेच ग्रुंडश्टुफंचे, म्हणजे प्राथमिक पायरीचे, दोन कोर्स केले होते. तेव्हा 'ए१', 'बी१' ही भानगड नव्हती, पायऱ्यांना सरळ पायऱ्या म्हणत. गेले तेव्हा जर्मन्या दोन होत्या, म्हणून ते अजून 'पश्चिम जर्मनीत असताना' अशीच सुरुवात करतात. एका मुलीने विचारलं, "पश्चिमेला म्हणजे फ्रान्सच्या बाजूला का?" त्या दिवशी मधली सुट्टी बर्लिनच्या भिंतीत गेली.

त्या सहा आठवड्यांत त्यांनी काय पाहिलं? मशीन पाहिलं, पण ते आता भंगारात गेलंय. मनात राहिली ती केअरवोखं. श्वाबेन भागात, म्हणजे स्टुटगार्टच्या पट्ट्यात, इमारतीतले बिऱ्हाडकरू आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारी. काका परत आले आणि पहिल्याच सोसायटीच्या सभेत त्यांनी ही योजना मांडली. सभेने ऐकून घेतलं. चेअरमन म्हणाले, "पण आपल्याकडे मावशी येतात की झाडायला." काकांनी तरीही पाटी स्वखर्चाने करवून आणली, पितळी, आणि पहिली पाळी आपली म्हणून आपल्याच दाराला लावली. शेजाऱ्यांनी ती कधी काढली नाही. पाहुण्यांना वाटतं, 'केअरवोखं' हे काकांचं आडनाव आहे.

निवृत्तीनंतर पुन्हा नाव घालायला आले ते थेट 'सी१'ला. ऑफिसने म्हटलं, आधी प्लेसमेंट टेस्ट द्या. टेस्टने त्यांना 'ए२'मध्ये बसवलं. "पद्धत बदललीय," एवढंच ते म्हणाले. यात तथ्यही होतं. १९९६ मध्ये जर्मनांनी स्वतःचं शुद्धलेखन बदललं आणि कित्येक शब्दांतला तो बीटासारखा दिसणारा 'स' जाऊन तिथे साधे दोन 'स' आले. काकांनी ही सुधारणा मंजूर केलेली नाही. 'डास', म्हणजे आपला 'की', ते अजून जुन्याच अक्षराने लिहितात. शिक्षिका लाल रेघ मारतात. काका खाली पेन्सिलीने 'जुने रूप' असं लिहून वही परत देतात. शुद्धलेखनाचे नियम बदलले तरी जुने ऱ्हस्व-दीर्घ न सोडणारे लोक पुण्यात नवीन नाहीत, पण दुसऱ्याच्या भाषेतही हा बाणा ठेवणारा मी हा एकच पाहिला.

त्यांची वही मात्र बघण्यासारखी असते. पुल्लिंगी नाम निळ्या शाईत, स्त्रीलिंगी लाल, नपुंसक हिरव्या. खिशातली तीन पेनं यासाठीच. जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत म्हणून मराठी माणूस आधी खूश होतो आणि पंधरवड्यात रडकुंडीला येतो, कारण कुठलं जुळेल याचा नेम नाही: सूर्य बाई, चंद्र बुवा, चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक. पोरं हे मोबाईलच्या ॲपवर घोकतात. काकांनी घरच कामाला लावलं. दाराला चिठ्ठी, खिडकीला चिठ्ठी, फ्रिजवर निळ्यात 'डेअर क्यूलश्रांक'. कुकरवर 'डेअर श्नेलकॉखटॉप्फ'. हे पूर्ण वाचेपर्यंत एक शिट्टी होते. काकूंनी महिनाभर सोसलं. मग मिसळणाच्या डब्याच्या सातही वाट्यांत चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराची सीमा बंद केली. मात्र तोवर व्हायचं ते झालं होतं. आता काका जेवताना एखादा शब्द चुकले, तर काकू पोळी वाढता वाढता लिंग दुरुस्त करतात. जिथे जीभ अडखळते, तिथे काका हळूच स्वयंपाकघरात फोन लावतात, हे आम्ही वर्गात ऐकलेलं आहे.

वर्गाबाहेरचे कार्यक्रम हा काकांचा खरा प्रांत. सिनेमा असेल तर ते पहिल्या रांगेत, मग तो फ्रिट्झ लांगचा १९२७ चा मूक 'मेट्रोपोलिस' असो की परवाचा कुठला. दिवे लागले की चर्चा. पहिला हात त्यांचाच. "प्रश्न नाही, एक छोटंसं निरीक्षण आहे," असं म्हणून ते उभे राहतात, आणि मागच्या रांगा चपला शोधू लागतात. ऑक्टोबरफेस्टच्या दिवशी बिअरच्या गप्पा मारणाऱ्या पोरांना ते गाठून सांगतात, की हा उत्सव मुळात १८१० मधल्या एका राजपुत्राच्या लग्नाचा, आणि हल्ली तो बराचसा सप्टेंबरातच उरकतो. एकदा जर्मनीहून आलेल्या एका तरुणीने त्यांना काहीतरी विचारलं. काकांनी सुरुवात केली ती मॅक्समुल्लरपासून: जन्म १८२३, गाव डेसाउ, हयात ऑक्सफर्डात गेली, ऋग्वेद छापला पण भारतात एकदाही पाऊल ठेवलं नाही. टिळक तुरुंगात होते तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर याच माणसाची सही होती, आणि १८९८ मध्ये टिळक सुटले. म्हणून पुणेकराने या इमारतीत येताना मान लववूनच आलं पाहिजे. मुलगी डोळे विस्फारून ऐकत होती. तिने विचारलं होतं, इथे रिक्षा कुठे मिळेल.

श्टामटिश त्यांनीच सुरू केला. म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या टेबलाशी जमून फक्त जर्मनमध्ये गप्पा. पोरांचं जर्मन तीन वाक्यांत संपतं: हवा छान आहे, मला दोन भावंडं आहेत, माझा छंद क्रिकेट. चौथ्याला मराठी सुरू. काकांनी टेबलावर डबा आणून ठेवला. जो मराठी बोलेल त्याने दहा रुपये टाकायचे. महिनाअखेर डबा फोडला तर बऱ्यापैकी रक्कम निघाली. त्यातली बहुतेक काकांची होती. कारण कोणी मराठी बोललं की ते संतापत, आणि संताप त्यांना अजून जर्मनमध्ये येत नाही.

त्यांच्या जर्मनीवरच्या श्रद्धेला एकदाच धक्का बसायची वेळ आली होती. आमच्यातली एक मुलगी जाऊन परत आली आणि तिने सांगितलं की तिकडची तिची गाडी सत्तर मिनिटं उशिरा आली. काका म्हणाले, अपवाद असेल. ती म्हणाली, अपवाद नाही काका, रोजचं आहे. पुढच्या शनिवारी ते कागद घेऊन आले. जर्मन रेल्वेचे स्वतःचेच आकडे होते: २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या फक्त ६२.५ टक्के, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर हा तिकडे उशीर धरतच नाहीत. आम्हाला वाटलं, आता माणूस खचला. काका कागदाची घडी घालत म्हणाले, "बघा. उशीरसुद्धा दशांशात मोजतात."

आता 'बी१'ची गोष्ट. या परीक्षेच्या तोंडी भागात दोघांची जोडी लावतात. दोघांनी मिळून काहीतरी बेत आखायचा: आजारी मित्राला भेटायला जायचं, सहल काढायची, असलं काही. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने 'गूटे इडे', छान कल्पना, म्हणायचं, थोडं पुढेमागे करायचं आणि शेवटी एकमत व्हायचं. मार्क एकमताला नसतात, भाषेला असतात. पण बेत जमवून दाखवणं हे कामच आहे. आमच्या सराव परीक्षेत काकांच्या वाट्याला तो सांगलीचा पोरगा आला. विषय: परदेशी निघालेल्या मैत्रिणीला निरोपाची पार्टी.

"आपण शनिवारी संध्याकाळी पार्टी करू," पोरगा पाठ केलेलं बोलला.

"हॉलचं भाडं कोण देणार?" काका.

"गूटे इडे," पोरगा म्हणाला, कारण त्याला पुढचं तेच येत होतं.

"ही कल्पना नाही, हा प्रश्न आहे."

पोराने केक आणतो म्हटलं. काकांनी किती माणसं, किती किलो, विचारलं. पोराने संगीत सुचवलं. काकांनी रात्री दहानंतरचा नियम सांगितला, जर्मनीतलाही आणि पुण्यातलाही. खुर्च्या कुणाकडून आणायच्या, परत कोण पोहोचवणार, मोडल्या तर जबाबदारी कुणाची, हे सगळं निर्दोष चतुर्थीत आणि क्रियापद जिथल्या तिथे ठेवून. चाळीस वर्षांच्या सोसायटीच्या सभा अशा अस्खलित जर्मनमध्ये उतरताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पोरगा घामाघूम. शेवटी घड्याळाकडे बघून शिक्षिका म्हणाल्या, आता ठरवा. काका म्हणाले, "पुढच्या सभेत."

मार्क वाचले गेले तेव्हा काकांना व्याकरणात वर्गात सर्वांत जास्त आणि बेत जमवण्यात सर्वांत कमी होते. ऐनवेळच्या खऱ्या परीक्षेत मात्र त्यांना एक अबोल नर्स जोडीदार मिळाली. तिने तीन वाक्यांत बेत ठरवला आणि काकांना बोलायलाच दिलं नाही. दोघंही पास.

ती आता तिकडे कामाला लागलीय, सांगलीचा पोरगाही गेला. काकांनी 'बी२'ची फी भरलीय. जर्मनीला पुन्हा जायचा विचार आहे का, असं कुणी विचारलं की ते खरंच गोंधळतात. कशाला जायचं ते त्यांना सुचत नाही. तुम्हीही नाव घालायच्या बेतात असाल तर एवढंच सांगतो: व्याकरण समजेना झालं की सरळ काकांच्या शेजारी जाऊन बसा, पुस्तकापेक्षा ते बरं सांगतात. तोंडी परीक्षेची जोडी मात्र दुसऱ्या कुणाशी तरी लावून घ्या.