आमची नजर परत दे

गाडीच्या डॅशबोर्डवरच्या टचस्क्रीनला,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही, कारण तुझ्याविषयी प्रेम उरलेलं नाही.

मागच्या जुलैत द्रुतगती मार्गावर, खंडाळ्याच्या चढावर पावसाने झोडपलं आणि काचेवर आतून वाफ धरली. आमच्या जुन्या गाडीत यासाठी एक गोल नॉब होता. न बघता हात जायचा, खट्कन फिरायचा. नव्या गाडीत तो नॉब तू गिळलास. आधी गाणी बाजूला सारा, मग एसीचं पान उघडा, मग कोपऱ्यातलं नखाएवढं चिन्ह शोधा. गाडी हादरली, बोट घसरलं, काचेऐवजी पायांवर वारा सुटला. मागच्या सीटवरून आई ओरडली तेव्हा मान वर झाली. पुढच्या ट्रकचे लाल दिवे बॉनेटला टेकायला आले होते. ब्रेक लागला, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

तू म्हणशील, सवय नाही. स्वीडनच्या 'वी बीलेगारे' मासिकाने २०२२ मध्ये चालकांना आधी गाड्यांची सवय करून दिली आणि मग ताशी ११० किलोमीटर वेगात काही ठरावीक कामं करायला लावली. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्वोत ती १० सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. तुझ्या एका भाऊबंदाने त्याच कामांना ४४.९ सेकंद घेतले. अंतर १,३७२ मीटर! मोठेपणा मिरवायची हौस आहे ना तुला? मग हा पराक्रमही शोरूममध्ये लावून मिरव.

ब्रिटनच्या टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेने २०२० मध्ये सिम्युलेटरवर मोजलं. फोन जोडून तुला बोटाने चालवणाऱ्यांना धोका दिसल्यावर हालचाल करायला निम्म्याहून जास्त उशीर झाला. दारूच्या कायदेशीर मर्यादेवर हाच उशीर १२ टक्के. दारू प्यायलेल्याला निदान नाकाबंदीत अडवतात. तू मात्र राजरोस गाडीतच बसलेला.

'बोलून सांगा' हा तुझा दुसरा बहाणा. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनच्या २०१५ च्या अभ्यासात आवाजी हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ण ताळ्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागलेला दिसला. हात चाकावर, डोळे रस्त्यावर आणि मन तुझ्यापाशी. आणि त्या २७ सेकंदांत आडवं येणारं पोर थांबून राहत नाही.

सगळ्यात संताप येतो तो जर्मनीतल्या प्रकरणाचा. पावसात वायपरचा वेग बदलायला एक चालक तुझ्याकडे वळला, गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. २०२० मध्ये कार्ल्सरूहच्या न्यायालयाने २०० युरो दंड आणि महिनाभर वाहनबंदी कायम केली, ती चालकाला. पावसात वायपर लागणारच, हे कळायला कुठल्या संशोधनाची गरज होती? तरी तो तुझ्या पोटात ढकलला गेला. शिक्षा एकट्या चालकाला, ढकलणारे मोकळे.

नकाशा दाखवतोस, हे उपकार मान्य. पण तो गाडी सुटण्याआधी लावता येतो. काच, हवा, वायपर ही चालत्या गाडीतली कामं आहेत आणि ती बोटांना अंधारातही कळली पाहिजेत. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपच्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटण किंवा दांडी असण्याला गुण ठेवलेत. म्हणजे बटण परत येऊ शकतं.

आणि वाचकहो, नकाशात पत्ता गाडी उभी असतानाच घाला. नवी गाडी बघायला जाल तेव्हा चालकाच्या सीटवर बसा, डोळे मिटा आणि काचेवरची वाफ घालवून बघा. हात चाचपडत राहिला, तर ती गाडी घेऊ नका.