साखरबाई, हिशेब द्या!

प्रति,
श्रीमती साखरबाई,
मुक्काम घरोघरचा डबा,
सोमेश्वरनगर, ता. बारामती, जि. पुणे.



बाई, तुमच्याविरुद्ध बोलायची या भागात कुणाची छाती होत नाही. कारण उघड आहे. इथली शाळा-कॉलेजं, घरांवरचे स्लॅब, पोरींची लग्नं, ट्रॅक्टरचे हप्ते, सगळं उसाच्या बिलावर उभं आहे. माझंही घर त्यावरच चालतं. पण ज्याचं खाल्लं त्याला जाब विचारू नये असं कुठे लिहिलंय? म्हणून आज जाब मागतो, आणि तो चव्हाट्यावर मागतो.

सगळ्यात आधी भाकरीचं बोलू. 1876-77च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून मेली, त्यानंतर ब्रिटिशांनी नीरा नदीचा डावा कालवा काढला. पाणी आलं आणि मागोमाग तुम्ही आलात. निंबूत, वाघळवाडी, करंजे, होळ, कोऱ्हाळे, कालव्याखाली बघाल तिकडे ऊस. ज्वारीला वावर उरलं नाही, हरभऱ्या-मटकीला बांधसुद्धा उरला नाही. आज आम्ही बागायतदार म्हणवणारे लोक सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यातली ज्वारी-बाजरी विकत आणतो. चार एकर ओलिताची जमीन असलेल्या घरात मटकी पावशेराच्या पुडीत येते. केवढी ही प्रगती, बाई! तुमचं अभिनंदन करावं तेवढं थोडं.

आता चहा. आमच्याकडे कमी गोडाचा चहा पाहुण्यापुढे ठेवला तर घर कंजूष ठरतं. म्हणून कपात दोन चमचे तरी तुम्ही असताच, म्हणजे 10 ग्रॅम. सकाळी उठल्याउठल्या एक, नऊला वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉलीचा नंबर लागेपर्यंत दुसरा, मग कुणी भेटलं म्हणून तिसरा. संध्याकाळपर्यंत पाच कप झाले की 50 ग्रॅम नुसत्या चहातून. बिस्किटं, पेढा, लग्नातली जिलबी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आम्ही दुप्पट चहातच पितो, आणि पहिलं धड जेवण दुपारी दोनला.

पहिला चहा ते जेवण, या मधल्या सहा-सात तासांत माणसाचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. रिकाम्या पोटी गोड चहा गेला की रक्तातली साखर झपकन चढते, शरीर ती उतरवायला इन्शुलिन सोडतं, आणि थोड्या वेळात ती खाली येते. मग काहींचे हातपाय गळतात, डोकं जड होतं, बारीकसारीक गोष्टीवरून माणूस पोरांवर खेकसतो. त्यावर उपाय काय? अजून एक कप! याच खेकसण्याला आम्ही वर्षानुवर्षं 'स्वभाव' म्हणत आलो. बायका सोसत आल्या, पोरं घाबरत आली.

हे मी मनाने लिहीत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांची वर्षानुवर्षं तपासणी करणाऱ्या संशोधकांनी 2017 साली दाखवलं, की गोड खाण्यापिण्यातून दिवसाला 67 ग्रॅमपेक्षा जास्त साखर घेणाऱ्या पुरुषांमध्ये पाच वर्षांनी नैराश्य-चिंतेसारखा त्रास निघण्याची शक्यता 23 टक्क्यांनी जास्त होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून दुसरी बातमी आली. नैराश्याच्या रुग्णांच्या एका गटाला बारा आठवडे जेवण सुधारायला मदत केली: भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे. दुसऱ्या गटाला नुसती सोबत आणि गप्पा. पहिल्या गटातल्या 32 टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं, दुसऱ्यातल्या 8 टक्क्यांचं. गट लहान होते आणि जेवण म्हणजे औषधोपचाराला पर्याय, असं कुणी समजू नये. पण ताटाचा आणि मनाचा संबंध आहे, एवढं तरी आता मान्य करायला हवं.

तुम्ही म्हणाल, मधुमेह काय एकट्या माझ्यामुळे होतो? नाही होत. वंश आहे, बसून राहणं आहे, पॉलिश तांदूळ आणि मैदाही आहे. पण आमची शरीरं आधीच कच्ची आहेत, आणि त्याचा पुरावा याच जिल्ह्यात मिळालाय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993पासून जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी किरकोळ, पण अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. दिसायला बारीक, आतून मधुमेहाकडे झुकलेली. अशा लेकराच्या बशीत तुम्ही बिनधास्त उतरता.

सगळ्यात जास्त चीड येते ती उसाच्या फडातलं बघून. बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात, रानात त्यांच्या कोप्या पडतात. पहाटे चारला बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते, ती दुपारी फडात खायला फडक्यात बांधली जाते. तोवर पोराला काय? दूध नाही, म्हणून कोरा चहा, तुम्ही मात्र ढीगभर, आणि त्यात बुडवलेलं बिस्किट. पोर ते खाऊन उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्याला टेकून पुन्हा पेंगतं. ज्यांच्या कोयत्याशिवाय तुमचा एक दाणा तयार होत नाही, त्यांच्या पोराला जेवणाऐवजी तुम्ही! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं आणि 54.2 टक्के बायका रक्ताने कमी निघाल्या. वर पुन्हा जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही. त्या पोराच्या अभ्यासात लक्ष का लागत नाही, असं गुरुजींनी विचारलं तर उत्तर तुम्ही द्या.

शिक्षा काय द्यावी, याचा विचार केलाय. तुम्हाला हाकलून देणं परवडणारं नाही, ते माझ्यासारख्याने बोलूही नये. सणाला पुरणपोळीत या, मानाने या. रोजच्या कपातून मात्र उठा. माझ्या घरात तुम्हाला आता अर्धा चमचा, तोही दोनच कपांत. सकाळी आठच्या आत भाकरी, मोड आलेली मटकी, नाहीतर अंडं. उसात आंतरपीक म्हणून हरभरा आणि बांधावर शेवगा लावतोय.

आणि आमच्या साखर कारखान्याच्या येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. ज्या सभासदाला सवलतीची साखर नको, त्याला तेवढ्याच सवलतीत ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ मिळावी. गाळप हंगामात टोळ्यांच्या पोरांना सकाळी गरम खिचडी आणि अंडं मिळावं, आणि त्यासाठी लागेल ती रक्कम टनामागे माझ्या बिलातून कापावी. सूचक मी आहे, अनुमोदक दोघे तयार आहेत. "खाली बसा" म्हणणारे निघतील. मी बसणार नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद,
वाघळवाडी