दुपारचे बारा

सत्ता सोडणाऱ्याचे बारा केव्हा वाजतात, हे अमेरिकेच्या राज्यघटनेत चक्क लिहून ठेवलंय: २० जानेवारी, भर दुपारी. जुन्याची मुदत संपली, नव्याची सुरू. पंचांग नाही, राहुकाळ नाही. पूर्वी हा मुहूर्त ४ मार्चचा असे. हरलेला माणूस चार महिने घरात ठेवणं बरं नव्हे, हे तिथल्या शहाण्यांना १९३३ साली पटलं आणि विसाव्या घटनादुरुस्तीने तारीख अलीकडे आली.

मुहूर्त ठरला, रुसवेफुगवे मात्र घटनेच्या हाताबाहेरचे. जॉन अ‍ॅडम्स १८०१ मध्ये, जेफरसन शपथ घेणार त्या दिवशी, पहाटे चारला घोडागाडीत बसून गुपचूप गावाला गेले. १९५३ मध्ये आयझेनहॉवर नव्या नवलाईचे. त्यांची गाडी व्हाइट हाउसच्या दारात आली, ट्रुमन यांनी कॉफीला आत बोलावलं. हे गाडीतच बसून! सोन्याच्या अंगठीसाठी अडून बसलेला जावईसुद्धा इतका वेळ ताणत नाही.

२०२१ मध्ये ट्रम्प यांनी बायडन यांच्या मांडवात पाऊलच टाकलं नाही. सकाळीच फ्लोरिडाला. आता गंमत अशी, की अणुहल्ल्याचा हुकूम सोडण्याची काळी बॅग राष्ट्राध्यक्षामागे सतत फिरते. तिला 'फुटबॉल' म्हणतात. अमेरिकी विनोदबुद्धी, दुसरं काय. त्या दिवशी दोन बॅगा काढाव्या लागल्या, एक मावळत्याबरोबर, एक उगवत्यासाठी. बाराच्या ठोक्याला फ्लोरिडातल्या माणसाचे संकेतांक बाद झाले. जग बेचिराख करण्याचा अधिकार गेला, गोल्फ खेळण्याचा राहिला. तरी जाताना टेबलाच्या खणात बायडन यांच्यासाठी चिठ्ठी ठेवायला हे विसरले नव्हते. १९८९ मध्ये रेगन यांनी पाडलेली प्रथा ती. म्हणजे लग्नाला यायचं नाही, पण आहेराचं पाकीट पाठवायचं.

त्याआधी नोव्हेंबरात एक वेगळीच वरात अडली होती. नव्या माणसाच्या चमूला कचेऱ्या आणि पैसा मिळायचा तर तेव्हा एका खात्याच्या प्रमुखाची सही लागत असे. खातं कोणतं? सरकारी इमारती, गाड्या, टेबलखुर्च्या सांभाळणारं. मतदान झालं ३ नोव्हेंबरला, सही झाली २३ ला. महासत्तेची फाइलही टेबलावरच अडते, हे वाचून आमच्या तहसीलदार कचेरीबद्दल मला पहिल्यांदाच जरा आपुलकी वाटली.

पण माझा सगळ्यात लाडका प्रसंग २००१ चा. क्लिंटन यांची माणसं गेली, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची आली, संगणकापुढे बसली आणि बघतात तो काय, कीबोर्डांवरचं 'डब्ल्यू' अक्षरच गायब! नव्या साहेबाच्या नावातलं मधलं अक्षर उपटून मंडळी घरी गेली होती. यावर हसून विषय संपला असता. पण संसदेच्या हिशेबतपासनीसांनी रीतसर चौकशी केली आणि २००२ च्या जूनमध्ये जाडजूड अहवाल आला. नुकसान १३ ते १४ हजार डॉलर. असले प्रकार आधीच्या सत्तांतरांतही झाले होते, अशी कबुली त्यातच. अहवाल लिहायला किती खर्च आला, हे विचारण्याचा पुणेरी मोह मी आवरतो.

खरं सत्तांतर करतात ते व्हाइट हाउसमधले गडी, आचारी, खानसामे. पाहुणे शपथेच्या मैदानात थंडीत कुडकुडत असताना ही मंडळी पाचएक तासांत एक बिऱ्हाड ट्रकात चढवतात आणि दुसरं उतरवतात. संध्याकाळी नवे साहेब आत येतात तेव्हा त्यांचे कपडे कपाटात टांगलेले असतात. कुणी रुसत नाही, कुणाची सही अडत नाही. लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एखादा धडा हवा होता.

पुढचा मुहूर्त २० जानेवारी २०२९, शनिवार. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतील. जागे राहा, आपले बारा वाजायला अजून दीड तास असेल.