शेणवा नाक्याचे सीईओ

सर्वप्रथम स्लॅबवर चढावे. नेटवर्किंगला आधी नेटवर्क लागते आणि आमच्या घरी ते पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभे राहिले की मिळते. पावसाळ्यात छत्री घ्यावी.

मी शेणवा नाक्यावर झेरॉक्स, पॅनकार्ड, सातबारा आणि लग्नपत्रिका अशी कामे करतो. अलीकडे त्यात लिंक्डइन प्रोफाइल हा जिन्नस वाढला आहे. दर २०० रुपये, फोटो आपला आणावा. मुरबाडच्या एमआयडीसीत कोणीतरी आमच्या एका वीटभट्टीवाल्या शेठना म्हणाले, ‘तुमचं प्रोफाइल पाठवा.’ शेठनी व्हॉट्सअॅपवरचा स्वतःचा डीपी पाठवला. पलीकडून उत्तर आले नाही, म्हणून ते माझ्याकडे आले. त्या अनुभवातून शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या तमाम उद्योजकांसाठी हे मार्गदर्शन.

फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्समधून कापून लावू नये. कितीही बेताने कापला तरी कोपऱ्यात कुठल्यातरी साहेबांचा कान राहतो, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तो कान कोणत्या पक्षात असेल याची हमी कोणी देत नाही. गॉगल उतरवावा. कानाला लावलेला मोबाइलही खाली ठेवावा; फोटो काढताना फोन चालू नव्हता हे सर्वांना कळते.

मग येते ठिकाण. इथे भले भले कचरतात. गावाच्या नावात शेण आहे, बाहेरचा माणूस हसेल, म्हणून आधी ‘शहापूर’ लिहितात. मग शहापूर म्हणजे कर्नाटकातले का, असे कोणी विचारेल म्हणून ‘ठाणे’. शेवटी यादीत ‘मुंबई महानगर प्रदेश’ असा पर्याय दिसतो आणि बोट आपोआप तिकडे जाते. माझी हरकत नाही. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो आहे, नंतर त्याला वैतरणा आणि भातसाची जोड मिळाली. पाणी आमच्या तालुक्यातून गेले आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावे आमच्याकडे राहिली. त्या बदल्यात मुंबईचे नुसते नाव घेतले, तर हिशेबात फार मोठी अफरातफर झाली असे म्हणता येणार नाही. फक्त वीट न्यायला ट्रक दादरला जाऊन उभा राहू नये, एवढे बघावे.

हेडलाइनला २२० अक्षरे मिळतात. शेठनी सांगितलेली हेडलाइन अशी होती: ‘फाउंडर, सीईओ, मोटिव्हेटर, समाजसेवक, भावी जिल्हा परिषद सदस्य.’ वीट हा शब्द कुठेच नव्हता. विचारले तर म्हणाले, ‘वीट काय, सगळ्यांनाच माहिती आहे.’ नाक्यावर माहिती आहे, खरे. पण ज्याला माहिती नाही त्याच्यासाठी तर हा खटाटोप चालला आहे. मी ‘क्ले-बेस्ड बिल्डिंग सोल्युशन्स’ असे सुचवले, ते त्यांना फार आवडले. त्यानंतर माझ्याकडे रीघ लागली. मंडपवाल्याला मी ‘टेम्पररी स्ट्रक्चर्स’ दिले. पोल्ट्रीवाल्याला ‘प्रोटीन सप्लाय चेन’ दिली. ज्यांची जमीन समृद्धी महामार्गात गेली, पैसे आले आणि पैशांचा जेसीबी झाला, त्यांना ‘इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टर’ केले. ५ जून २०२५ ला तो रस्ता आमच्या तालुक्यातून आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हा त्यांनी ‘माय प्रोजेक्ट’ म्हणून फोटो टाकला. जमीन त्यांचीच होती, तेव्हा अगदी खोटे म्हणवत नाही.

महिनाभर शेठकडे चिटपाखरू फिरकले नाही. खरेदी करणारा माणूस शोधताना ‘वीट’ लिहितो, ‘सोल्युशन’ लिहीत नाही, आणि शेठच्या प्रोफाइलमध्ये ‘वीट’ हा शब्दच नव्हता. शेवटी मी गुपचूप बदलले: ‘लाल वीट. भट्टी शेणवा. दिवाळीनंतर ते मेअखेर. ट्रक पोच.’ शेठना ते पाहून आपण लहान झाल्यासारखे वाटले. तडजोड म्हणून मागे ‘सीईओ’ ठेवले.

कंपनीचे पान उघडताना कर्मचारी किती हे विचारतात. २ ते १०, ११ ते ५०, असे रकाने असतात. शेठनी विचारले, ‘बायकापोरं धरून की सोडून?’ प्रश्न रास्त होता. भट्टीवर कातकरी माणसे ‘जोडी’ने मोजतात, म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. उन्हात वीट उलटी करणारी पोरे त्या एकातच येतात. लिंक्डइनवर जोडी असा रकाना नाही. पावसाळ्यात चूल थंड असते तेव्हा जोडी उचल घेते, दिवाळीनंतर भट्टीवर येते आणि हंगामभर ती उचल विटांनी फेडत राहते. जूनमध्ये हिशेब होतो, आणि बहुतेक वेळा जोडीकडेच थोडे बाकी निघते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. त्याच्यासाठीही रकाना नाही. शेठनी कौशल्यांत ‘लीडरशिप’ घातले आणि खाली वाक्य सांगितले, ‘आम्ही आमच्या टीमला आगाऊ आर्थिक पाठबळ देतो.’ मी टाइप केले. माझे काम टायपिंगचे.

ओळखी ५०० च्या वर गेल्या की पुढचा आकडा कोणी विचारत नाही, नुसते ‘५००+’ दिसते. शहरातली माणसे यासाठी वर्षे घालवतात. आमच्याकडे एका हळदीला यापेक्षा जास्त जेवून जातात. तेव्हा घरातल्या लोखंडी कपाटातून आहेराची वही काढावी. ठाणे जिल्ह्यातला सर्वांत विश्वासार्ह डेटाबेस तोच. कोणत्या साली, कोणत्या गावच्या, कोणाच्या जावयाने १०१ दिले आणि कोणी पाकीट रिकामे दिले, हे त्यात अजून वाचता येते. पान एकपासून सुरू करून किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे असे एकेक गाव घ्यावे आणि विनंत्या पाठवाव्यात. वहीत नाव नसलेली माणसे हवी असतील तर पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेला जावे. बैलाचे दात बघता बघता तिथे जेवढ्या धंद्याच्या गोष्टी होतात तेवढ्या कोणत्याही कॉन्फरन्समध्ये होत नाहीत, आणि गळ्यात पट्टा घालावा लागत नाही.

शिफारशीही आहेराच्या नियमानेच चालतात. त्याने तुम्हाला ‘व्हिजनरी’ लिहिले की तुम्ही त्याला निदान ‘डायनॅमिक’ लिहायचे. कमी लिहिले तर पुढच्या कार्यात कळते. सख्ख्या मेहुण्याची शिफारस शक्यतो टाळावी. आडनाव वेगळे असते हे कबूल, पण आपल्याकडे आडनावावरून सोयरीक ओळखायला कोणाला मिनिटही लागत नाही.

आता पोस्ट. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये २६.२ अब्ज डॉलरला ही कंपनी घ्यायचे जाहीर केले, हे मी शेठना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ विटांत भाग देत बसले. मग म्हणाले, ‘एवढी महाग जागा आहे तर काहीतरी चांगलं टाकू.’ तिथल्या चालीप्रमाणे मी एकेक ओळ सुटी लिहिली.

‘शून्यातून सुरुवात केली.

कोणाची साथ नव्हती.

आज पाच लाख विटा.

नम्र वाटत आहे.’

स्लॅबवर चढून पोस्ट सोडली. दुपारपर्यंत ४० लाइक आले. संध्याकाळी पहिली कॉमेंट आली, भातगिरणीवाल्याची. गिरणी माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. तोही आता ‘अॅग्रो प्रोसेसिंग’ आहे, मीच केला.

‘अभिनंदन शेठ. तुमच्या यशात आमच्या तुसाचाही वाटा आहे. गेल्या हंगामातल्या तीन गाड्यांचे राहिलेत.’

तासाभरात त्यालाच १२० लाइक झाले. शेठ तावातावाने दुकानात आले, याला काय उत्तर द्यायचे विचारू लागले. मी म्हटले, उत्तर लिहून देतो, पण आधीचे प्रोफाइलचे दोनशे अजून यायचे आहेत.

‘लिही वहीत,’ म्हणाले.